स्लाऊ कौन्सिलचा निकाल २०२३: लेबर का हरलं, आणि आपण मत दिलं का?

लँग्लीकर:

परवा साताऱ्याला फोन लावला तर बाबांचा पहिला प्रश्न, "काय गं, लागला का निकाल? कोण आलं?" बाबा दोन टर्म ग्रामपंचायतीत होते त्यामुळे निवडणूक कुठलीही असो, त्यांना आकडे लागतात. मी सांगितलं, एकूण जागा ४२, कॉन्झर्वेटिव्ह २१, लेबर १८, लिबरल डेमोक्रॅट ३. दोन सेकंद गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे कुणाचंच नाही. किल्ली त्या तिघांकडं."

एका वाक्यात निकाल सांगितला त्यांनी. इथे आमच्या मराठी ग्रुपवर मात्र शुक्रवारपासून नुसते अभिनंदनाचे नाहीतर दुःखाचे मेसेज चाललेत, आणि हे झालं कशामुळे ते कुणीच बोलत नाहीये. म्हणून धागा काढतेय. स्लाऊ, लँग्ली, सिपनहॅम, कोलब्रुक इकडे राहणाऱ्यांनी तर लिहाच पण बाकी इंग्लंडातल्यांनीही लिहा, कारण हे प्रकरण उद्या तुमच्याकडेही येऊ शकतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं मागचं. स्लाऊ हे लंडनच्या पश्चिमेचं गाव, आणि कौन्सिल म्हणजे आपल्या नगरपालिकेसारखं. इथे पंधरा वर्षं लेबरची सत्ता होती. साधीसुधी नाही, चांगली भक्कम, कॉन्झर्वेटिव्ह नगरसेवक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असायचे. आणि २ जुलै २०२१ ला कौन्सिलच्या फायनान्स प्रमुखांनी सेक्शन ११४ ची नोटीस काढली. हे कलम १९८८ च्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या वित्त कायद्यातलं. त्याचा अर्थ, खर्च आणि उत्पन्नाचा मेळ बसत नाही, कायद्याने जे करणं बंधनकारक आहे तेवढंच करा, बाकी नवीन खर्चाला पूर्णविराम. पेपरात याला सरळ 'दिवाळखोरी' म्हणतात, पण कंपनी बुडते तसं कौन्सिल बंद पडत नाही. कचरा उचलला जातो, शाळा चालू राहतात, म्हाताऱ्या माणसांची केअर चालू राहते. बाकी सगळ्याला कात्री.

कर्ज किती होतं माहितीये? ७६ कोटी पौंडांपर्यंत गेलं होतं. २०२१ च्या जनगणनेत स्लाऊची लोकसंख्या सुमारे १,५८,५०० आहे. भागाकार करून बघा, माणशी जवळजवळ ४८०० पौंड येतात, आणि यात आजच जन्मलेलं बाळही धरलंय. इमारती, जमिनी, प्रकल्प यांच्यासाठी कर्ज काढत गेले, आणि कर्ज फेडायला दरवर्षी जी रक्कम बाजूला काढून ठेवायची असते ती कित्येक वर्षं पुरेशी काढलीच नाही. आपल्याकडे घराच्या हप्त्यातलं नुसतं व्याज भरत राहावं आणि मुद्दल आहे तेही विसरावं, तसं झालं. मग डिसेंबर २०२१ मध्ये सरकारने कमिशनर, म्हणजे कारभारावर देखरेख करणारे अधिकारी, बसवले. विकता येईल ते विका असं ठरलं, ६० कोटी पौंडांपर्यंतची मालमत्ता विकायची बोली होती. आणि एवढं करूनही पुरेना म्हणून यंदा, २०२३ च्या एप्रिलपासून कौन्सिल टॅक्स, म्हणजे आपल्या घरपट्टीसारखा कर, ९.९९ टक्क्यांनी वाढवला.

ही वाढ किती मोठी आहे ते बाकीच्यांशी ताडून बघा. इंग्लंडात आमच्यासारख्या कौन्सिलला लोकांचं सार्वमत न घेता जास्तीत जास्त ४.९९ टक्के वाढवता येतात, त्यातले २ टक्के केअरसाठी राखीव. सरकारने तीनच कौन्सिलांना खास परवानगी दिली, क्रॉयडन, थरॉक आणि स्लाऊ. मार्चमध्ये घरोघरी बिलं आली, आणि ४ मे ला मतदान.

आता गंमत बघा, त्याच दिवशी देशभरात कॉन्झर्वेटिव्ह पक्षाने एक हजारावर जागा घालवल्या. आमच्या शेजारी विंडसर-मेडनहेड त्यांच्या हातून लिबरल डेमोक्रॅट्सनी घेतलं. ब्रॅकनेल लेबरने घेतलं. २००२ नंतर पहिल्यांदा देशात सगळ्यात जास्त नगरसेवक लेबरचे झाले. आणि स्लाऊत वारं बरोब्बर उलटं! म्हणजे लोकांनी दिल्लीचा, सॉरी, लंडनचा राग इथे काढला नाही, इथला राग इथेच काढला. मला तरी हा निकाल असाच दिसतो.

मतदान केंद्राचं पण सांगते कारण पहिल्यांदा जाणाऱ्या बऱ्याच जणांना धाकधूक असते. आमचं केंद्र एका शाळेच्या हॉलमध्ये. सकाळी सात ते रात्री दहा. बाहेर दोन पक्षांचे कार्यकर्ते खुर्च्या टाकून, रंगीत फीत लावून बसले होते, घोषणा नाहीत, लाऊडस्पीकर नाही, शंभर मीटरची रेघ नाही. आत टेबलाशी बाईंनी पासपोर्ट बघितला, आपला निळा, भारताचा. फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, यादीवर स्टीलची पट्टी ठेवली आणि पेन्सिलीने माझ्या नावावर सरळ रेघ मारली. मग कागद दिला. आमच्या वॉर्डात दोन जागा म्हणून दोन फुल्या मारायच्या होत्या. प्लायवूडच्या आडोशात दोरीला बांधलेली आखूड पेन्सिल, आडनावाच्या क्रमाने उमेदवारांची नावं, पुढे पक्षाचं चिन्ह. घडी घालून काळ्या पेटीत टाकला. बोटाला शाई नाही याचं मात्र मला उगाच वाईट वाटलं, फोटोत दाखवायला काही राहिलंच नाही.

मला एवढंच विचारायचंय, या ग्रुपवर किती जण इथे सात-आठ वर्षं राहून अजून एकदाही मत देत नाहीयेत? आपल्याला हक्क आहे, पासपोर्ट भारताचा असला तरी, वर्क व्हिसा असला तरी. खरंच आहे.

---

सिपनहॅमहून:

धागा काढल्याबद्दल आभार. मी सहा वर्षं स्लाऊत आहे, टियर टू वर्क व्हिसावर आलो, आता आयएलआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवानगीचा, अर्ज करायचाय. मला प्रामाणिकपणे आजपर्यंत वाटत होतं की मत फक्त ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना. घरी मतदार नोंदणीचं पत्र दरवर्षी यायचं ते मी आधीच्या भाडेकरूचं समजून बाजूला ठेवायचो. दुसरं म्हणजे एका मित्राने सांगितलं होतं की व्हिसावर असताना मत दिलं की आयएलआरला अडचण येते. हे खरं आहे का? कृपया कुणी खात्रीने सांगा.

---

लँग्लीकर:

@सिपनहॅमहून, अजिबात खरं नाही. तुमच्या मित्राने बहुतेक अमेरिकेतलं ऐकलं असेल, तिथे नागरिक नसताना मत दिलं तर मोठा गुन्हा आहे, त्यामुळे तिकडून आलेले लोक घाबरून असतात. इथे कायदाच वेगळा आहे. कॉमनवेल्थ देशाचा नागरिक, इथे राहतो, व्हिसा वैध आहे, वय अठरा पूर्ण, बास. मग तो मतदार. कौन्सिलच्या निवडणुकीत आणि पार्लमेंटच्या पण. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे त्यामुळे आपण सगळे आलो त्यात, स्टुडंट व्हिसावाले सुद्धा.

आणि मतदार यादीत नाव असण्याचा अजून एक उपयोग, क्रेडिट स्कोअर. बँका पत्ता पडताळायला ही यादी बघतात. मॉर्गेजचा विचार असेल तर त्यासाठी तरी नोंदवा, पण नुसतं त्यासाठी नको हो, मत पण द्या.

---

क्रॉयडनचा रहिवासी:

वाचताना वाटलं आमचीच गोष्ट कुणीतरी लिहिलीय. आमच्याकडे सेक्शन ११४ तीनदा निघालं, नोव्हेंबर २०२० मध्ये, लगेच डिसेंबरमध्ये, आणि परत नोव्हेंबर २०२२ मध्ये. कौन्सिल टॅक्स यंदा १४.९९ टक्क्यांनी वाढला. पंधराच म्हणा ना. पहिल्या दोन्ही वेळी आमच्याकडे लेबरची सत्ता होती. लोक इतके चिडले की ऑक्टोबर २०२१ मध्ये सार्वमत घेऊन थेट निवडून येणारा मेयर मागून घेतला आणि मे २०२२ मध्ये कॉन्झर्वेटिव्हांचा जेसन पेरी निवडून आला, सहाशेच्या आतल्या फरकाने. अख्ख्या क्रॉयडनमध्ये सहाशे मतं! आमच्या एका दिवाळी कार्यक्रमाला त्याच्या निम्मे लोक येतात. आणि तेव्हा त्या हॉलमध्ये हात वर करायला सांगितलं असतं तर नोंदणी केलेले किती निघाले असते, मला विचार करूनच कसंतरी होतं.

एक गोष्ट मात्र सांगतो, लेबर गेलं म्हणजे कर्ज गेलं असं नाही. पक्ष बदलला, मेयर बदलला, आणि त्याच्याच पहिल्या बजेटात ती १४.९९ टक्के वाढ आली. कर्जाचं व्याज काही तुमचा पक्ष बघत नाही. स्लाऊवाल्यांनी हे लक्षात ठेवून बसा म्हणजे पुढच्या मार्चमध्ये बिल आल्यावर धक्का बसणार नाही.

---

हॅरोतली एक:

क्रॉयडनकरांना पूर्ण अनुमोदन. हॅरोत गेल्या वर्षी मे २०२२ मध्ये असंच झालं, सगळ्या लंडनमध्ये लेबर वर जात होतं, वेस्टमिन्स्टर आणि वॉन्ड्सवर्थ त्यांनी जिंकलं आणि आमचं हॅरो कॉन्झर्वेटिव्हांनी लेबरकडून घेतलं. ३१ विरुद्ध २४. आमच्याकडे दिवाळखोरी वगैरे काही नव्हती तरी.

मला यात एक प्रश्न पडतो आणि तो मी स्पष्टच विचारते. हॅरो, लेस्टर, स्लाऊ, तिन्हीकडे भारतीय वस्ती मोठी. यंदा लेस्टरमध्येही कॉन्झर्वेटिव्हांच्या १७ जागा वाढल्या. मग हे ऋषी सुनकमुळे आहे का? आमच्या ग्रुपवर सगळे हेच म्हणतायत की आपल्या लोकांनी आपला माणूस म्हणून एकगठ्ठा मत दिलं.

---

लँग्लीकर:

@हॅरोतली एक, प्रश्न बरोबर आहे पण तुमचं हॅरोच बघा ना. ते मे २०२२ मध्ये झालं, सुनक पंतप्रधान झाले ऑक्टोबर २०२२ मध्ये. म्हणजे हॅरोत तरी ते कारण लागू होत नाही. लेस्टरमध्ये लेबरने निवडणुकीआधी स्वतःच्याच १९ नगरसेवकांची तिकिटं कापली, असं घरातच भांडण लागल्यावर शेजारी जिंकणारच. आणि स्लाऊत तर मी वर लिहिलंय ते सगळं आहेच.

कुणी कुणाला मत दिलं ते पेटीत बंद असतं. वॉर्डाचे आकडे कौन्सिलच्या साइटवर आहेत, उमेदवारनिहाय. पण त्यात हिंदू किती, शीख किती, मुसलमान किती असं कुठे लिहिलेलं नसतं. स्लाऊत निम्म्याच्या आसपास लोक आशियाई मुळाचे आहेत, सगळ्याच पक्षांचे उमेदवार आपल्यासारखेच दिसणारे होते. मग एकगठ्ठा कुठे आणि कुणाला? माझी कळकळीची विनंती आहे, या धाग्यावर धर्मावरून हिशोब नको. ९.९९ टक्के हिंदूलाही ९.९९ च आहेत.

---

रेडिंगकर काका:

मी १९९९ पासून या देशात आहे. आधी स्लाऊ, आता रेडिंग. थोडं जुन्या माणसाचं ऐका.

स्लाऊला लोक कारखान्यांचं गाव म्हणतात, ट्रेडिंग इस्टेट, मार्सची चॉकलेटं. पण हे गाव राजकारणात कायम पुढे राहिलंय. १९८४ मध्ये लिडिया सिमन्स इथल्या मेयर झाल्या, ब्रिटनमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला मेयर. २०१७ मध्ये तनमनजितसिंग ढेसी इथून खासदार झाले, पगडी घालून पार्लमेंटात बसले. ही सगळी लेबरची माणसं बरं का. त्यामुळे लेबर इथे कधीच पडणार नाही असं आमच्यासारख्यांना वाटायचं, आणि मला वाटतं लेबरवाल्यांनाही तेच वाटायला लागलं होतं. ज्या सभागृहात विरोधक पाच-सहाच असतात तिथे बजेटवर प्रश्न विचारणार कोण? एवढं कर्ज वर्षानुवर्षं होत राहिलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, याचं मूळ मला तिथे दिसतं. पक्ष कोणता यापेक्षा समोर कोणी बसलंय की नाही हे महत्त्वाचं. थरॉकमध्ये कॉन्झर्वेटिव्ह सत्तेत होते, सोलर कंपन्यांत कर्जाचे पैसे घातले आणि डिसेंबर २०२२ मध्ये तिथेही सेक्शन ११४ निघालं. दोन्ही पक्षांनी करून दाखवलंय.

म्हणून २१-१८-३ हा आकडा मला व्यक्तिशः बरा वाटतो. आता एकही ठराव आपोआप पास होणार नाही, प्रत्येक वेळी कुणालातरी समजावून सांगावं लागेल.

---

चिंचवडहून:

मी इंग्लंडात नाही, बहीण हौन्सलोला आहे म्हणून हा विभाग वाचते. एक विचारू का? तुमच्याकडे सरकारने कमिशनर बसवले म्हणताय आणि तरी निवडणूक झाली? आमच्याकडे पिंपरी-चिंचवड आणि पुणे दोन्ही महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, मुंबईची पण. तेव्हापासून प्रशासक. आरक्षण, प्रभाग रचना, कोर्ट, तारीख पे तारीख. आता मे २०२३, सव्वा वर्ष झालं, नगरसेवकच नाही. आमच्या गल्लीतल्या ड्रेनेजचं झाकण तुटलंय तर सांगायचं कुणाला, पूर्वी निदान नगरसेवकाच्या ऑफिसात जाऊन बसता यायचं. त्यामुळे तुमचा निकाल वाचताना आम्हाला खरं सांगायचं तर हेवा वाटला.

---

लँग्लीकर:

@चिंचवडहून, तुमचा प्रतिसाद वाचून थांबले. मी हे असं शेजारी ठेवून बघितलंच नव्हतं.

हो, इथे कमिशनर आले पण कौन्सिल बरखास्त झालं नाही. पैशाचे व्यवहार, मोठ्या अधिकाऱ्यांच्या नेमणुका, कारभाराची पद्धत यात कमिशनर हात घालू शकतात, नगरसेवकांनी केलं नाही तर स्वतः निर्णय घेऊ शकतात. पण नगरसेवक आहेत, सभा होतात, लोक प्रश्न विचारतात आणि मुदत संपली की निवडणूक होते, कर्ज असो की नसो. यंदा तर वॉर्डांच्या हद्दी नव्याने आखल्या होत्या आणि सगळ्या ४२ जागा एकाच दिवशी होत्या, आधी एरवी एक-तृतीयांश जागांची निवडणूक व्हायची. तरी तारीख हलली नाही. तुमच्याकडे लवकर होवो हीच इच्छा.

---

सिपनहॅमहून:

परत येतोय. बायकोशी बोललो, ती म्हणाली "कौन्सिल काय करतं आपल्यासाठी, कचरा सोडून?" मला उत्तर देता आलं नाही नीट. कुणी सांगेल का? मुलगी चार वर्षांची आहे, सप्टेंबरमध्ये रिसेप्शनला, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्गात, जाईल.

---

रेडिंगकर काका:

तुमच्या मुलीच्या शाळेचा अर्ज तुम्ही जानेवारीत कुणाकडे भरलात? कौन्सिलकडेच. एप्रिलमध्ये शाळेचं नाव कुणी कळवलं? कौन्सिलने. स्लाऊ हे एकसंध कौन्सिल आहे, म्हणजे जिल्हा आणि तालुका असं वेगळं नाही, सगळं एकाच छताखाली. शाळा प्रवेश, विशेष गरज असलेल्या मुलांची मदत, लायब्ररी, बागा, रस्त्यावरचे खड्डे, पार्किंगचे परमिट, तुमच्या घरमालकाला एका घरात बरेच वेगवेगळे भाडेकरू ठेवायचे असतील तर लायसन, शेजाऱ्याला मागे खोली वाढवायची असेल तर परवानगी, जन्माची नोंद. आणि सगळ्यात मोठा खर्च तुम्हाला दिसतच नाही, म्हाताऱ्या आणि अपंग माणसांची केअर आणि ज्या मुलांना आईवडिलांकडे ठेवता येत नाही त्यांची जबाबदारी. बजेटचा मोठा भाग तिथे जातो, आणि त्यात काटछाट करायला कायदाच देत नाही. म्हणून मग कात्री लायब्ररीवर आणि बागांवर पडते.

दवाखाना, पोलीस, एलिझाबेथ लाइनची रेल्वे, हीथ्रो विमानतळ हे कौन्सिलकडे नाही. टॅक्सच्या बिलात पोलिसांचा आणि फायर ब्रिगेडचा हिस्सा वेगळा छापलेला असतो बघा, ९.९९ टक्के फक्त कौन्सिलच्या हिश्शावर आहेत. वर्षाला समजा १८०० पौंड त्या हिश्शाचे भरत असाल तर १८० वाढले. दहा हप्त्यांत भरता ना, म्हणजे हप्त्यामागे अठरा.

---

सिपनहॅमहून:

काका, अठरा पौंड ऐकल्यावर बायकोने फोन माझ्या हातातून घेतला आणि पूर्ण धागा स्वतः वाचला. ती आता विचारतेय की उमेदवार म्हणून उभं राहायला पासपोर्ट लागतो का :)

---

क्रॉयडनचा रहिवासी:

वहिनींना सांगा, ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही, पण उभं राहायला मतदानापेक्षा अट कडक आहे. कॉमनवेल्थ नागरिकाला आयएलआर पाहिजे. साध्या वर्क व्हिसावर मत देता येतं, उभं राहता येत नाही. आणि त्या कौन्सिलच्या हद्दीत मतदार असणं किंवा वर्षभर तिथे राहणं, काम करणं असं काहीतरी नातं पाहिजे. आयएलआर मिळाला की पुढची चार वर्षं आहेतच तयारीला. मनापासून सांगतो, उभ्या राहा.

---

हॅरोतली एक:

आयडीचं कुणी नीट लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. फोटो आयडीचा नियम यंदा ४ मे ला इंग्लंडात पहिल्यांदा लागू झाला, २०२२ च्या कायद्याने. आमच्याकडे यंदा मतदान नव्हतं पण पुढच्या वेळी लागेलच. भारताचा पासपोर्ट चालतो, बीआरपी, म्हणजे व्हिसाचं फोटो कार्ड, चालतं, ड्रायव्हिंग लायसन चालतं, ज्येष्ठांचा बस पास चालतो. तरुणांचं रेलकार्ड चालत नाही, यावर बरीच बोंब झाली आणि मला ती रास्त वाटते. यातलं काहीच नसेल तर कौन्सिलकडून मतदार ओळखपत्र फुकट मिळतं, फक्त आधी अर्ज करावा लागतो. ऑफिसचं ओळखपत्र, आधार कार्ड, पॅन कार्ड यातलं काही चालत नाही.

आणि नाव नोंदणी मतदानाच्या बारा कामकाजाच्या दिवस आधी बंद होते. यंदा १७ एप्रिल होती. ती एकदा गेली की मग आयडी असून उपयोग नाही.

---

कोलब्रुकचा:

सगळं वाचलं. मी यंदा मत दिलं, लेबरला दिलं, आणि ते लपवायचं मला कारण दिसत नाही. माझ्या वॉर्डातला लेबरचा माणूस पंधरा वर्षांत दोनदा स्वतः दारात आला होता, माझ्या आईच्या ब्लू बॅजचं, म्हणजे अपंगांच्या पार्किंग परवान्याचं, काम त्याने करून दिलं, फॉर्म समोर बसून भरला. ७६ कोटींचं कर्ज त्याने एकट्याने नाही केलं. पण धाग्यातलं काकांचं म्हणणं मनाला लागलं, की चांगल्या माणसानेही सभागृहात हात वर केला असणार तेव्हा. मी त्याला पुढच्या वेळी भेटलो तर विचारणार आहे, कर्जाच्या ठरावावर तुम्ही काय केलं. आजवर असं विचारायचं सुचलंच नव्हतं.

---

लँग्लीकर:

@कोलब्रुकचा, खूप प्रामाणिक लिहिलंय. आणि हो, विचारा. सभेची इतिवृत्तं कौन्सिलच्या साइटवर असतात, कुठला ठराव कधी आला ते सापडतं. मी गेल्या रविवारी दोन तास बसून जुनी बजेटची कागदपत्रं वाचली, डोकं भंजाळलं पण तीन-चार पानांनंतर कळायला लागतं. आपण आयटीवाले कसल्या कसल्या स्प्रेडशीट वाचतो दिवसभर, हे त्यापेक्षा अवघड नाही.

---

लँग्लीकर:

ताजी खबर: कौन्सिलची वार्षिक सभा झाली, कॉन्झर्वेटिव्हांचे डेक्स्टर स्मिथ लीडर झाले, लिबरल डेमोक्रॅट्सच्या पाठिंब्यावर. बाबांचं 'किल्ली तिघांकडं' अक्षरशः खरं झालं. त्यांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "मग आता त्या तिघांवर लक्ष ठेव." लीडर म्हणजे कारभार बघणारा, मेयर वेगळा, स्लाऊत मेयर हे मानाचं पद आहे. क्रॉयडनसारखं नाही.

---

सिपनहॅमहून:

दोघांची नोंदणी केली आत्ता. पाच मिनिटं लागली, नॅशनल इन्शुरन्स नंबर विचारला, राष्ट्रीयत्वात भारत निवडलं, बास. आता पुढे काय येतं, ईमेल की पत्र?

---

लँग्लीकर:

पत्र येईल घरच्या पत्त्यावर, नाव यादीत घातलं असं. आधीच्या भाडेकरूचं समजून बाजूला ठेवू नका.